न घातलेले थेंब

४ फेब्रुवारी

ती. आजींना,
नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि अर्धवट ऐकून तुमचा जीव उगाच टांगणीला लागेल, म्हणून लिहितेय. आधी शेवट सांगते. मुंगी बरी आहे, माझ्या शेजारी बसून तुम्हाला काय काय लिहायचं ते मला सांगतेय, आणि तिच्या डोळ्याला धोका नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. आता सुरुवात सांगते.

काल संध्याकाळी तिच्या उजव्या डोळ्याला वेताची पट्टी लागली. पट्टी माझ्याच हातातली होती.

मी घरी खुर्च्या विणते हे तुम्हाला माहीत आहे, पण आम्ही दोघी ते कसं करतो हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. बैठकीच्या चौकटीला भोकं असतात. भिजवलेल्या वेताची पट्टी एका भोकातून खाली सोडायची आणि शेजारच्या भोकातून वर घ्यायची. मुंगी शाळेतून आली की खुर्चीखाली जाऊन बसते आणि खाली आलेलं टोक वर ढकलते. "मावशी, घे!" म्हणून ओरडते. ते काम दुसऱ्या कुणी केलेलं तिला चालत नाही. इथे आल्यावर पहिले कितीतरी दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. जे काही बोलणं सुरू झालं ते त्या खुर्चीच्या जाळीतून. म्हणून मी तिला तिथून कधी उठवलं नाही. काल मी पट्टी खाली सोडली आणि ती नेमकी वर बघत होती.

ती किंचाळली आणि तिने डोळा चोळायला घेतला. मी तिचे दोन्ही हात धरले. घरातल्या प्यायच्या पाण्याने डोळा धुतला, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तिला उचलून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी डोळ्यात रंगीत थेंब घातला आणि निळा दिवा लावून बघितलं. बुबुळावर बारीक ओरखडा आहे. वरवरचा आहे, आठवड्याभरात भरून येईल, नजरेला काही होणार नाही. औषधाचे थेंब दिलेत, झोपताना लावायला मलम दिलंय. डोळ्यावर पट्टी बांधायची नाही. चोळू द्यायचं नाही. डोळा जास्त लाल झाला, पाणी वाढलं किंवा दुखणं वाढलं तर लगेच यायचं. आणि त्यांना विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध डोळ्यात घालायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण लागलेली वस्तू झाडाची आहे.

पहिल्यांदा थेंब घालायच्या वेळी तिने घर डोक्यावर घेतलं. "आजी पाहिजे, आजी पाहिजे" एवढंच. मी बाटली खाली ठेवली आणि विचारलं, आजी असती तर तिने काय केलं असतं? म्हणाली, "आजी आधी खरं सांगते, मग करते." मग मी तिला खरं सांगितलं: थेंब गार लागेल, थोडं झोंबेल, आणि मी दहा म्हणेपर्यंत थांबेल. ती गादीवर आडवी झाली, डोळे मिटून. मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवायचा आणि मग तिला हळूच डोळा उघडायला सांगायचं, हे डॉक्टरांनी शिकवलं होतं. थेंब आपोआप आत गेला. सहा वर्षांची पोर, पण हलली नाही. आजी, तुम्ही तिला खऱ्याची सवय लावलीत, तिचा काल मला किती उपयोग झाला ते लिहून सांगता येणार नाही. मी तुमची मनापासून आभारी आहे.

मुंगीच्या बाबांशी माझं लग्न झाल्यावर तुम्ही मुंगीला माझ्या हवाली केलंत तेव्हा म्हणाला होतात, वार्षिक परीक्षेपर्यंत बघते, नाही जमलं तर माझी नात मी परत नेईन. परीक्षा आता जवळ आली आहे. हे पत्र लिहिताना ते माझ्या डोक्यात नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. ह्यांना जहाजावर निरोप पाठवला होता. उत्तर आलं, "आजींना कळव, आणि दोघी मिळून बघा." म्हणजे जहाज लाटांवर आणि आपण दोघी काठावर.

मुंगीचा निरोप: "आजी, निळ्या दिव्यात माझा डोळा हिरवा दिसतो. मावशीने बघितलाय. मला आरसा दिला नाही."

आपली,
मुंगीची मावशी


६ फेब्रुवारी

बाई गं,

पत्र मिळालं. आधी शेवट आणि मग सुरुवात सांगितलीस ते बरं केलंस, नाहीतर पत्र वाचून होईपर्यंत मला दुसऱ्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं.

आता माझं ऐक. सहा वर्षांची मुलगी खुर्चीखाली बसवून वर तू टोकदार पट्ट्या सोडतेस? आणि ते मला आज कळतंय? तुमचं बोलणं जाळीतून सुरू झालं म्हणे. माझ्याकडे होती तेव्हा ती ओट्यावर बसून बोलायची, आणि दिवसभर बोलायची. मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कोणाचा आवाज कुठे अडकतो ते मला कळतं. पोरीला बोलतं करायला वेत लागत नाही.

डोळ्यावर पट्टी नाही हे काय नवीन काढलंय? उघडा डोळा ठेवला की धूळ जाणार, ऊन जाणार. स्वच्छ कापडाची घडी करून बांध.

बसच्या कंडक्टरबरोबर एक पुडकं पाठवतेय. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाचे थेंब त्यात आहेत. अर्ध्याहून जास्त बाटली शिल्लक आहे. माझा डोळा टोमॅटोसारखा लाल झाला होता, ह्या थेंबांनी दोन दिवसांत निवळला. मोठ्या डॉक्टरांनी दिलेलं महागाचं औषध आहे. दिवसातून चारदा घाल. तुझ्या त्या डॉक्टरीण बाईंना विचारत बसू नकोस, त्या काय आज आहेत, उद्या नाहीत. नात माझी आहे.

मी स्वतःच आले असते. गुडघा दोन जिने उतरू देत नाही.

तुला लागेल असं लिहायचं नव्हतं, पण लिहिते. माझी एकुलती एक लेक गेली. ती गेल्यावर ही मुंगी माझ्या कुशीत झोपायची, तेव्हा मी तिचे डोळे बघत बसायचे, कारण ते डोळे माझ्या लेकीचे आहेत. त्यातल्या एकाला काही झालं तर मी कोणाकडे बघू? मुंगीची खोली इथे आहे तशीच आहे. जमत नसेल तर सांग, संकोच करू नकोस. परीक्षेपर्यंत थांबायलाच हवं असं काही नाही.

थेंब घातल्याचं उलट टपाली कळव.

आजी


७ फेब्रुवारी, दुपार

ती. आजींना,
नमस्कार.

पुडकं सकाळी मिळालं. कंडक्टर अगदी दारापर्यंत आले, चहा घ्यायलाही थांबले नाहीत. तुमचं पत्रही त्यातच होतं. मी ते दोनदा वाचलं. तुमच्या लेकीबद्दल लिहिलंय ते वाचून मी बराच वेळ कामाला हात लावू शकले नाही.

थेंब मी घातलेले नाहीत.

हे तुम्हाला सगळ्यात आधी कळावं म्हणून वर लिहिलं. आता का ते सांगते. परवाच्या तपासणीत ओरखडा निम्मा भरला होता, पण आज सकाळी मुंगी उठली तर डोळा पुन्हा लाल. झोपेत चोळला असणार. रोज झोपताना मी तिच्या दोन्ही हातांत पायमोजे घालते, ती स्वतःला मांजर म्हणवून घेते आणि पंजे मारत झोपते. पण सकाळी एक मोजा गादीखाली सापडला. तेवढ्यात तुमचं पुडकं आलं. बाटली हातात घेतली. लाल डोळा समोर, आणि तुम्ही लिहिलंय की दोन दिवसांत निवळतो. आजी, मी झाकण उघडलं होतं. त्या एका क्षणी मला वाटलं, घालावे. डोळा निवळला तर निवळला, आणि तुम्हीही माझ्यावर खूश व्हाल. मग मुंगीने विचारलं, "हे काय आहे? खरं सांग." आणि खरं सांगायला गेले तर मला सांगताच येईना, कारण ते काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

झाकण लावलं. डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या आजच आणा. संध्याकाळी जातोय. बाटली बरोबर नेऊन दाखवणार आहे. पण हे पत्र मुद्दाम जायच्या आधी लिहून पेटीत टाकतेय. कारण नंतर लिहिलं तर मी डॉक्टरांचं नाव पुढे करीन आणि त्यांच्या पाठीमागे लपेन. त्या काय म्हणतील ते मला आत्ता माहीत नाही. कदाचित म्हणतील की औषध उत्तम आहे. तरी विचारल्याशिवाय मी ते घालणार नव्हते, हे माझं मी ठरवलेलं आहे. डोळ्यावर पट्टीही बांधलेली नाही. उन्हात जाताना तिला रुंद काठाची टोपी घालते, आणि घरात पडदे ओढलेले आहेत.

तुम्ही म्हणता नात माझी आहे. आहेच. मी ते कधी नाकारणार नाही. पण आत्ता तिच्या डोळ्यात काय जातं आणि काय जात नाही, ते बघायला इथे मीच आहे. तुम्ही तिला न्यायला आलात तर मी अडवू शकणार नाही. तुम्हाला खूश ठेवण्यासाठी मी बाकी काहीही करीन. हे करणार नाही.

खुर्चीखाली बसवण्याबद्दल तुम्ही जे म्हणालात ते बरोबर आहे. आता बसवत नाही.

पाठवल्याबद्दल आभार. चिंतेपोटी पाठवलंत हे मला कळतं.

आपली,
मुंगीची मावशी


९ फेब्रुवारी

पत्र मिळालं. थेंब घातले नाहीस हे कळलं. डोळ्याचं काय झालं ते तेवढं कळव.

आजी


१३ फेब्रुवारी

ती. आजींना,
नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. रागावला आहात हे समजलं, आणि त्यात तुमची चूक नाही. डोळ्याचं विचारलंत, तर सांगते.

डोळा बरा झाला. काल शेवटची तपासणी होती. निळ्या दिव्यात आता हिरवं काही दिसत नाही, याचं मुंगीला इतकं वाईट वाटलं की तिने डॉक्टरांना "परत थोडासा करता येईल का?" असं विचारलं. डॉक्टरीण बाई हसून हसून खुर्चीत मागे कलंडल्या. भिंतीवरच्या तक्त्यावरची अगदी शेवटची ओळसुद्धा मुंगीने दोन्ही डोळ्यांनी वाचली. उजव्याने जरा जास्तच मोठ्याने वाचली.

त्या दिवशीचा लालपणा चोळल्यामुळेच होता. थेंब तेच चालू ठेवले, आणि मोजे मनगटाशी सैलसर नाडीने बांधले. आता थेंब बंद झालेत. मुंगीला वाईट वाटतंय, कारण शेवटी शेवटी आधी बाहुलीला थेंब, मग मांजराच्या पंजांना थेंब, मग माझ्या डोळ्यात खोटाखोटा थेंब असा सगळा सोहळा चालायचा, आणि तिचा खरा थेंब त्यात कधी पडायचा तेही कळायचं नाही.

शाळेत जायला लागली. मैत्रिणींना सांगितलंय की तिचा डोळा दिव्यात रंग बदलतो. दोन मुलींच्या आया माझ्याकडे विचारायला आल्या.

ती आता खुर्चीसमोर पाटावर बसते आणि पट्ट्या पाण्यातून काढून माझ्या हातात देते. हे काम तिला हलकं वाटतं. बढती केव्हा होणार म्हणून रोज विचारते. मी सांगितलंय, दहा वर्षांची झालीस की बघू. खरं तर ती दहाची होईल तेव्हा कुठे असेल ते मला माहीत नाही, पण तोंडातून निघून गेलं.

तुमची बाटली कपाटात नीट ठेवली आहे. तुम्ही याल तेव्हा देईन.

आजी, एक लिहायचं राहिलं होतं. ह्या सगळ्या दिवसांत मी घाबरले की मनात तुमच्याशीच बोलायचे. मला विचारायला दुसरं मोठं माणूस नाही. तुम्ही रागावून का होईना, इतकं मोठं पत्र लिहिलंत, जिने उतरून कंडक्टरला गाठलंत, त्या गुडघ्याने. मुंगीच्या मागे असं कोणी उभं आहे हे बघून मला खूप बरं वाटलं. परीक्षेनंतर तुम्ही जे ठरवाल ते ठरवा. हे उपकार माझ्याकडे राहतील.

मुंगीने खाली चित्र काढलंय. ती तुम्ही आहात. हातात टेलिफोन आहे, केळं नाही.

आपली,
मुंगीची मावशी


२० फेब्रुवारी

पोरी,

हे पत्र लिहायला आठवडा लागला, कारण तीन कागद फाडले. मला आभार मानायची सवय नाही. एक्स्चेंजमध्ये आम्ही फक्त "जोडते" म्हणायचो, आभार दोन्हीकडचे लोक एकमेकांचे मानायचे.

तुझं ते सातव्या तारखेचं पत्र आलं तेव्हा माझा पारा असा चढला की शेजारीण पातेलं मागायला आली होती, ती न घेताच परत गेली. माझा शब्द मोडते, आणि वर लेखी कळवते! त्याच तिरमिरीत तुला ते दोन ओळींचं कार्ड टाकलं. मुंगीला न्यायला येते असंच लिहिणार होते, पण म्हटलं आधी हिला खोटं पाडू. थेंबांचं रिकामं खोकं माझ्याकडे होतं. ते घेतलं, गुडघा धरत दोन जिने उतरले, रिक्षा केली आणि माझ्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, तुम्ही दिलेलं औषध चांगलं आहे असं मला कागदावर लिहून द्या, एका शहाणीला पाठवायचंय.

डॉक्टरांनी आधी खोकं बघितलं, मग मला. विचारलं, पोरीला कशाने लागलंय? म्हटलं, वेताने. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आणि मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी ते इतक्या मोठ्याने सांगितलं की बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. ऑपरेशननंतरची सूज उतरवायला ते औषध ठीक. पण झाडाच्या वस्तूने ओरखडलेल्या डोळ्यात ते घातलं तर वरून लाली उतरते आणि आत जंतू फोफावतात. पट्टी बांधूनही तोच धोका. शिवाय फोडलेली बाटली महिन्याभरात टाकून द्यायची असते, मी ती किती जपून ठेवली होती ते तर त्यांना सांगितलंच नाही. "घातले का थेंब?" म्हणून ते माझ्यावर ओरडले. मी म्हटलं, नाही. "का नाही?" म्हटलं, तिने ऐकलं नाही माझं. डॉक्टर खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "आजी, जाऊन तिचे पाय धरा."

माझा गुडघा वाकत नाही, म्हणून पत्र लिहितेय.

रिक्षात बसून मी रडले. रिक्षावाल्याला वाटलं कोणी गेलं. मी म्हटलं, अरे, कोणी गेलं नाही, वाचलंय. माझ्या लेकीचा डोळा मी माझ्या हाताने घालवायला निघाले होते, आणि तू तो माझ्यापासून वाचवलास.

आणि तुझ्या डॉक्टरीण बाईंनी त्या दिवशी संध्याकाळी तुला हेच सांगितलं असणार. बाटली घेऊन गेली होतीस ना? मग तेराव्या तारखेच्या पत्रात त्याचं एक अक्षर नाही. "कपाटात नीट ठेवली आहे" म्हणे! मी ती ओळ किती वेळा वाचली असेन. तुझ्या हातात सरळ हुकमाचं पान होतं, आणि मी तुझ्या डोक्यावर परीक्षेची टांगती तलवार ठेवलेली. टाकायचं होतंस ते पान माझ्यापुढे. पण म्हातारी खजील होईल म्हणून तू ते झाकून ठेवलंस, आणि वर माझेच उपकार मानलेस. मला बाई त्याचं जास्त रडू आलं. ती बाटली आधी फेकून दे.

आता जे लिहायचंय ते सरळ लिहिते. वर्षभर मी वाट बघत होते की तू कुठे चुकतेस. माझी समजूत अशी की तू माझ्या मर्जीत राहायला बघशील, मी म्हणेन त्याला हो म्हणशील, आणि मला कळेल की हिला मुलीचं काही नाही, हिला फक्त निभावून न्यायचंय. तुला सगळ्यात जास्त भीती माझी होती. तरी त्या पोरीसाठी तू मला नाही म्हणालीस, आणि तेही डॉक्टरांच्या आड न लपता. माझी लेकसुद्धा मला असंच तोंडावर नाही म्हणायची. मुंगी तापली होती तेव्हा मी काढा घेऊन गेले तर तिने मला दारातच थांबवलं होतं. तेव्हाही मी दोन दिवस बोलले नव्हते. असं नाही म्हणणारं माझ्या घरात पुन्हा कोणी येईल असं मला वाटलं नव्हतं.

तेव्हा परीक्षा झाली की मी मुंगीला न्यायला येणार नाही. ती दहाची होईल तेव्हा कुठे असेल हे तुला माहीत नाही म्हणतेस. तुझ्याकडे असेल. आणखी कुठे असणार? जहाजावरच्या माणसालाही तसं कळवते. आपण दोघींनी बघितलं म्हणावं.

मात्र सुट्टी लागली की इकडे या. मुंगीला एकटीला पाठवू नकोस, दोघी या. काल शेजारीण तिचं राहिलेलं पातेलं न्यायला आली आणि खोली झाडलेली बघून तिने विचारलं, कोण येणार आहे? मी म्हटलं, माझी लेक येणार आहे, नातीला घेऊन. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. मी तिला समजावून सांगत बसले नाही.

किती दिवस राहायचं ते इथे आल्यावर बघू. पण आल्या आल्या परत जायचं बोलायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

आई